‘सर्व थांबे’ मासिकातली एक दुरुस्ती

सकाळची पॅसेंजर पकडून रोह्याहून पेणला जायचं, दुकान उघडायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत रोह्याजवळ वरसेला घरी यायचं, असं माझं बारा-तेरा वर्षं चाललं आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि गणपतीच्या आधी तीन-चार महिने मूर्तींच्या कारखान्यांचे कॅटलॉग. गाड्यांची मला काही आवड नव्हती. गाडी वेळेवर आली की बरं वाटायचं, उशिरा आली की चिडचिड व्हायची. तरीही पॅसेंजर गाड्यांच्या शौकिनांसाठी निघणारं एक मासिक माझ्या दुकानात तयार होतं आणि त्यातलं आजवरचं प्रत्येक अक्षर मी टाइप केलेलं आहे.

मासिक काढलं ते स्टेशनवर ओळख झालेल्या एका काकांनी. ते रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी ते रोहा स्टेशनवर येत, ठरलेल्या बाकावर बसत आणि एका वहीत गाडीची वेळ, इंजिनाचा नंबर, डबे किती, पाऊस होता की ऊन, असं सगळं लिहीत. मी त्यांना रोज बघत होते, पण कधी बोलले नव्हते. एक दिवस ते पेणला काही कामासाठी निघाले होते आणि माझ्या समोरच्या बाकावर बसले. माझ्या मांडीवर एका लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं. नागोठणं गेल्यावर ते वाकून म्हणाले, “बाय, तिसऱ्या ओळीत नवऱ्या मुलाच्या मामाचं नाव दोनदा आलंय.” मी बघितलं तर खरंच आलं होतं. उलटं वाचून त्यांनी ते पकडलं होतं.

पेण येईपर्यंत त्यांनी मला त्यांच्या वह्यांबद्दल सांगितलं. अशा चौदा वह्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं की रेल्वेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण सगळे एक्स्प्रेसच्या मागे धावतात. जी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, जिच्यात आपण बसतो, तिच्यावर कुणी ओळभर लिहीत नाही. त्यांना एक छोटंसं मासिक काढायचं होतं. नावही ठरवलेलं होतं, ‘सर्व थांबे’. मी म्हटलं, पानं घेऊन या, टाइप करून देते. माझ्या लेखी ते एक गिऱ्हाईक होतं.

पहिला अंक आठ पानांचा निघाला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत काकांचाच लेख होता. रोह्याला पहिली पॅसेंजर आली त्या दिवशी कंपनीतून ऐन वेळी सुट्टी काढून ते तिच्यात कसे बसले आणि पेणपर्यंत जाऊन कसे परत आले, याची हकिकत. मला तो लेख टाइप करताना आवडला होता. त्यात इंजिनाचा आवाज होता, माणसं होती, प्लॅटफॉर्मच्या खांबांवरच्या झेंडूच्या माळा होत्या. पन्नास प्रती काढल्या. माझ्या घरी वरसेला जमिनीवर चटई टाकून आम्ही त्या दुमडल्या आणि पिना मारल्या. सासूबाई सुपारी कातरत बघत होत्या. त्यांनी विचारलं, “ह्यात देवाचं काय हाय?” काका म्हणाले, देवाचं काही नाय, गाडीचं हाय. तेव्हापासून सासूबाई त्याला ‘गाडीचं पुराण’ म्हणतात. पण पुढच्या अंकापासून पिना त्यांनीच मारल्या, आणि माझ्यापेक्षा सरळ मारल्या.

प्रती पनवेल, दिवा, पेण, रोहा इथल्या ओळखीच्यांना दिल्या. त्यांतल्या कुणी पुढे पाठवल्या. चार-सहा महिन्यांत मिरजेहून, मनमाडहून, भुसावळहून पत्रं यायला लागली. पत्ता माझ्या दुकानाचा दिला होता, त्यामुळे टपाल माझ्याकडे यायचं. मला कधी वाटलं नव्हतं की कुणीतरी आपल्या गावच्या पॅसेंजरच्या डब्यांना कितव्या साली कुठला रंग होता यावर चार पानं लिहील आणि ती वाचायला दुसरं कुणी वाट बघत बसेल. पण तशी माणसं होती. एका शाळेतल्या बाईंनी आपल्या गाडीच्या हॉर्नचे पाच प्रकार लिहून पाठवले होते. मी ते टाइप करताना एकटीच दुकानात तोंडानं आवाज काढून बघितले.

फोटोंचा मात्र घोळ होता. आमच्या प्रिंटरवर फोटो काळेकुट्ट यायचे. मुखपृष्ठावर गाडी आहे की म्हैस, कळायचं नाही. त्याच सुमाराला हमरापूरच्या एक वहिनी कॅटलॉग करायला दुकानात आल्या होत्या. त्यांच्या घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे आणि त्या आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. त्या कामाला हात थरथरून चालत नाही. काका अंकाचं प्रूफ बघत मुखपृष्ठाला नावं ठेवत होते. वहिनींनी ते ऐकलं, टेबलावरचा एक रद्दी कागद उलटा केला, माझं पेन घेतलं आणि आमच्या पॅसेंजरचा डबा काढला. खिडक्या, दारं, पायऱ्या, छपरावरच्या हवेच्या जाळ्या, सगळं. काकांनी खिडक्या मोजल्या. बरोबर होत्या. त्यांनी विचारलं, फोटो बघून पाठ केलंय का? वहिनी म्हणाल्या, “कारखान्याच्या मागून जाते ना ती. पाणी प्यायला उठते तेव्हा बघते.”

त्या दिवसापासून मुखपृष्ठ वहिनींचं. काकांची अट एकच होती, चित्रात माणसं नकोत. वहिनींना ते पटायचं नाही, रिकामी गाडी त्यांना भकास वाटायची. पण त्या काकांच्या शब्दाबाहेर जात नसत.

काकांच्या अटी पुष्कळ होत्या. एक्स्प्रेसचा उल्लेख फक्त आपली गाडी कुणासाठी बाजूला थांबवली एवढ्यापुरता. ऐकीव माहिती नको. आणि सगळ्यांत मोठा नियम पान दोनचा. मागच्या अंकात काही चुकलं असेल तर त्याची दुरुस्ती पान दोनवर, आणि चूक ज्या आकाराच्या अक्षरांत छापली त्याच आकारात. मिरजेच्या एका जुन्या वाचकानं डब्यांची संख्या चुकीची लिहिली होती. काकांनी दुरुस्ती छापली आणि शिवाय त्यांना दोन पानांचं पत्र लिहिलं. ते वाचक पुढे वर्षभर रुसले होते. मी काकांना म्हटलं, एका डब्यानं काय बिघडतं? ते म्हणाले, डबा एक असो नाहीतर दहा, छापलेलं खरं असलं पाहिजे. नाहीतर वही लिहायची कशाला?

तिसऱ्या वर्षी वाचकांच्या आग्रहावरून आम्ही पहिला अंक पुन्हा छापला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी नागोठण्याहून एक पाकीट आलं. आत वहीचं फाडलेलं पान होतं. लिहिणारे काकांबरोबर कंपनीत काम केलेले गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं होतं की कुणीतरी अंक दिला, वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली पॅसेंजर रोह्याला आली त्या दिवशी तू आणि मी दुसऱ्या पाळीला होतो. आपण तिला बघितलं नाही. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. राग मानू नकोस.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि पत्रिकांचे नमुने ठेवायच्या खणात तळाशी सरकवलं. काका त्या आठवड्यात दोनदा आले. दोन्ही वेळा मी त्यांना बाकीचं टपाल दिलं. पहिल्या गाडीत बसलेला माणूस ही त्यांची ओळख झाली होती. स्टेशनवरची माणसं त्यांच्याकडे बोट दाखवून तसं सांगायची. त्यांच्या नातवानं शाळेत त्यावर निबंध लिहिला होता. मला वाटत होतं की कुणाचं काय जातंय, राहू दे. पण रोज खण उघडताना ते पत्र हाताला लागायचं. आठव्या दिवशी मी ते काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं. “ह्या माणसाला दारूचा नाद होता,” ते म्हणाले. “त्याला काय आठवणार?” चहा अर्धा टाकून ते निघून गेले.

त्या महिन्यात अंक निघाला नाही. रोह्याला सकाळी मी त्यांच्या बाकाकडे बघायची तर ते तिथे नसायचे. एकदा लांब, प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला दिसले. मी हात केला, त्यांनी वहीत मान घातली. वहिनी आल्या की विचारायच्या, काका रागावले का गो ताई? मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मूर्तीचा डोळा चुकला तर आम्ही पुसून परत काढतो, पण रंग ओला असतो तोवरच. वाळल्यावर फार जपून खरवडावं लागतं.

तीन आठवडे गेले. एका सोमवारी गाडी सुटता सुटता काका डब्यात चढले आणि माझ्या समोर बसले. निडी येईपर्यंत वहीत लिहीत राहिले. मग विचारलं, “चिठ्ठी किती दिवस ठेवलीस?”

“आठ.”

“का?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“मग दिलीस का?”

मी म्हटलं, “पान दोनचा नियम तुमचाच हाय, काका.”

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर भात कापून झालेलं होतं आणि वालासाठी जमीन नांगरत होते. बाहेरच बघत ते म्हणाले की घरी सगळ्या वह्या काढून बघितल्या, पण वह्या लिहायला सुरुवात केली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, निवृत्त झाल्यावर. त्या दिवसाचं त्यांच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. नुसतं आठवत होतं. मग मला म्हणाले, “नागोठण्याला उतरू या का? तू असलीस तर बरं.”

मी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवायचं ठरवलं. पत्रिकावाल्यांना फोन केला आणि आम्ही नागोठण्याला उतरलो.

त्या गृहस्थांचं घर बाजाराच्या पुढे होतं. अंगानं मोठा माणूस, मशीनच्या आवाजानं एक कान गेलेला, त्यामुळे बोलणं सगळं मोठ्यानं. काकांना दारात बघून त्यांनी हाताला धरून आत नेलं. त्यांच्या बायकोनं चहा टाकला. पत्राबद्दल दोघांपैकी कुणी बोलेना. कंपनीतल्या जुन्या साहेबाबद्दल बोलले, कँटीनमधल्या पातळ आमटीबद्दल बोलले, कोण गेलं, कोण आहे, याची उजळणी झाली. एकमेकांची शुगर विचारून झाली. काका मध्ये म्हणाले, “अजून घेतोस का?” ते म्हणाले, सोडून सोळा वर्षं झाली.

मग काकांनी पिशवीतून पहिला अंक काढला आणि माझ्याकडे दिला. म्हणाले, हा लेख वाच, त्याच्या चांगल्या कानाकडे बसून वाच.

मी वाचायला लागले. हॉर्न ऐकू आल्यावर काकांनी हातातलं काम टाकलं, हे वाक्य आलं तेव्हा त्या गृहस्थांनी मान हलवली. झेंडूच्या माळांवर ते हसले. पुढे असं वाक्य होतं की गर्दी एवढी होती की बसायच्या खुर्च्या उचलून एकावर एक रचून ठेवाव्या लागल्या होत्या. तिथे त्यांनी मला थांबवलं.

“गर्दीसाठी नाय रे,” ते काकांना म्हणाले. “मंडपवाला खुर्च्या टेंपोत भरत होता. कार्यक्रम आदल्या दिवशी झालेला. माळा पण सुकल्या होत्या. तू एक ओढलीस तर हातात चुरा आला.”

काकांनी माझ्या हातातला अंक घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मग त्यांनी विचारलं, “मग हॉर्न? तो तर मी ऐकला.”

“ऐकलास की. कंपनीच्या गेटवर आपण दोघं. संध्याकाळचे पाच वाजले असतील. तू पाना खाली ठेवलास आणि म्हणालास, उद्या जाऊ.”

“आणि गेलो.”

“व्हय. गेलो की. तुझ्या बायकोनं दोघांचा डबा दिला होता. पेणपर्यंत जाऊन दुसऱ्या पाळीच्या आत परत.”

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांची बायको जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्यांनी विचारलं, डब्यात काय होतं? ते गृहस्थ म्हणाले, ते नाय आठवत, पण भरपूर होतं, पेणला उतरून बाकावर बसून खाल्लं. दोघांनी मग तो डबा आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. एक म्हणाला सुकट, दुसरा म्हणाला त्या दिवशी गुरुवार होता, वाराला सुकी मासळी कशी असेल? ते काही ठरलं नाही. आम्ही जेवूनच निघालो. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. परत येताना स्टेशनवर काका मला म्हणाले की एवढी वर्षं मी ती माळ हातात चुरलेली विसरलो होतो, आज बोटांना पुन्हा जाणवली.

दुरुस्ती काकांनी दुसऱ्या दिवशी लिहून आणली. फक्त दहा ओळी होत्या. पहिली पॅसेंजर आली त्या दिवशी मी कामावर होतो, तिचा हॉर्न मी गेटवरून ऐकला, तिच्यात बसलो तो दुसऱ्या दिवशी, माझ्या मित्राबरोबर. अशी साधी. मी ती पान दोनवर लावली. त्यांनी प्रूफ परत केलं. मूळ लेख पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत होता, म्हणून दुरुस्तीही तिथेच आणि तेवढ्याच अक्षरांत हवी होती. मी म्हटलं, दहा ओळींनी पान भरणार नाही. ते म्हणाले, मोकळं राहू दे.

मुखपृष्ठ वहिनींनी काढलं. या वेळी त्यांनी काकांना विचारलंच नाही. प्लॅटफॉर्म, एका बाजूला टेंपो, त्यात खुर्च्या चढवणारा माणूस, आणि गाडीच्या दारात हातात डबा घेतलेली दोन माणसं. काकांनी ते बराच वेळ हातात धरलं. मला वाटलं, माणसं आहेत म्हणून नको म्हणतील. त्यांनी एवढंच सांगितलं की त्या वेळी आपल्याला मिशी होती. वहिनींनी जागच्या जागी मिशी काढली.

अंक गेल्यावर मला धाकधूक होती की वाचक काय म्हणतील. पत्रं आली ती आजवरची सगळ्यांत जास्त. मिरजेचे रुसलेले वाचक पहिले. त्यांनी कबूल केलं की त्यांनी स्वतः काढला म्हणून पाठवलेला एक फोटो खरं तर त्यांच्या भावानं काढला होता. हॉर्नचे पाच प्रकार लिहिणाऱ्या बाईंनी लिहिलं की चारच आहेत, पाचवा शेजारच्या गिरणीच्या भोंग्याचा होता, हे त्यांना छापून आल्यावर समजलं. कुणी लिहिलं की आपण गाडीच्या ड्रायव्हरशेजारी बसलो होतो असं सगळ्यांना सांगत आलो, बसलो नव्हतो, नुसतं आत डोकावलो होतो. मी ती पत्रं टाइप करताना हसत होते. काकांनी त्यांच्यासाठी एक कायमचं सदर सुरू केलं. आता बरेच वाचक अंक आला की आधी ते उघडतात.

मधल्या साथीच्या काळात गाड्या कित्येक महिने बंद होत्या. तेव्हा आम्ही त्या सदरावरच अंक काढले, कारण दुसरं लिहायला काही घडतच नव्हतं. पुढे डिझेलच्या जागी विजेवरची मेमू आली. काही वाचकांनी अंक बंद करायला सांगितला, या गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात म्हणाले. काकांनी उत्तर छापलं की ती जिते, हमरापूर, कासू सगळीकडे थांबते, तेव्हा ती आपलीच आहे.

नागोठण्याचे काका आता प्रूफ वाचतात. दर गुरुवारी ते सकाळच्या गाडीत चढतात, आमचे काका रोह्याहूनच बसून आलेले असतात, आणि दोघं माझ्याबरोबर दुकानात येतात. लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकंही त्यांच्याकडून तपासून घेतात, फुकट. मासिक आता दर तीन महिन्यांनी निघतं, पण आम्ही त्याला मासिकच म्हणतो. गणपतीच्या आधी वहिनींना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून त्या शिमग्यानंतरच पुढची सगळी मुखपृष्ठं काढून देतात. प्रत्येकावर माणसं असतात. मागच्या अंकावर त्यांनी निडीच्या प्लॅटफॉर्मवर भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या आदिवासी वाडीवरच्या बायका काढल्या होत्या. मी तो अंक त्यांतल्या एकीला गाडीत दाखवला. तिनं चित्र निरखून बघितलं आणि सांगितलं की पाटीत करटोली हाय, मग अंगावर गोधडी कशाला? करटोली पावसात येतात.

मी ते काकांना सांगितलं. पुढच्या अंकाच्या सदरात ते जाणार आहे. चित्र मुखपृष्ठावर होतं, त्यामुळे दुरुस्तीही मुखपृष्ठावर घ्यावी लागेल की नाही, यावर दोघा काकांचं गेले दोन गुरुवार चाललं आहे. वहिनी म्हणतात, मी गोधडी पुसून छत्री काढते, मग प्रश्न मिटेल. पण अंक तर सगळ्यांच्या घरी पोचलेला आहे. मी दोघांना भांडू देते आणि चहा सांगते.